उरुळी कांचनची बिनपाटीची नर्सरी आणि माझे अडुळसे

"पान चुरगळा आणि वास घ्या, ताई. वास आवडला तर तो अडुळसा नाही."

उरुळी कांचनच्या त्या नर्सरीत शिरल्यावर नर्सरीवाले बाबा माझ्याशी बोललेले हे पहिले शब्द. मी अजून भाव विचारला नव्हता, किती रोपं हवीत तेही सांगितलं नव्हतं. फाटकाशेजारी माझ्या डोक्याच्या हातभर वर गेलेलं झुडूप होतं. त्याचं वीतभर लांबीचं पान तोडून त्यांनी माझ्या हातावर ठेवलं. चुरगळलं तर उग्र, कडवट वास आला, बोटांना चिकटून राहणारा. माझ्या माहेरी, परिंच्याला, आमच्या परड्याच्या कुंपणाला हाच वास होता. ते कुंपण काढून सिमेंटचे खांब आणि तार आली त्याला पंधरा वर्षं होऊन गेली, पण या वासात चूक व्हायची नाही.

या नर्सरीला पाटी नाही, म्हणून नाव सांगता येत नाही. आजूबाजूला विचारलं तर लोक "बाबांची रोपं" म्हणतात आणि कालव्याच्या बाजूला बोट दाखवतात. जून २०२३ मध्ये मी तिथून अडुळशाची तीन रोपं आणली. आता तिसरा हिवाळा सरत आलाय, झाडं दोनदा फुलली, एक मेलंही. एवढं झाल्यावर लिहायला हरकत नाही असं वाटलं. रोप घरी आणलं त्या दिवशी सगळीच नर्सरी चांगली वाटते.

आधी हे झाड हवंच कशाला होतं ते सांगते. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, २०२२ च्या दिवाळीनंतर आमच्याकडे सासवडला राहायला आले. उभं आयुष्य हंगामात गुऱ्हाळावर गेलं. चुलवाणाला जाळ घालायचं काम. चिपाडं, पाचट, धूर, आणि समोर उकळणारी काहील. विडी कधी ओढली नाही, पण छाती विडी ओढणाऱ्यासारखी झाली. पुण्याच्या छातीच्या डॉक्टरांनी तपासण्या करून पंप दिला, तो दोन वेळा घ्यायचा आणि बंद करायचा नाही असं बजावलं. अण्णा पंप घेतात. पण थंडी पडली की पहाटे चारला खोकला सुरू, आणि कफ सुटता सुटत नाही.

मेडिकलमधून अडुळशाची बाटली आणली. दोन दिवस त्यांनी मुकाट्यानं घेतली. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बाय, हे गोड लागतंय. अडुळसा गोड असतो होय? झाड लाव ना एखादं."

त्यांना औषधापेक्षा झाडच हवं होतं, हे मला तेव्हाच कळलं. गावाकडे कुंपणाला अडुळसा, सीताफळाच्या अढीत खाली अडुळशाचा पाला, ज्वारीच्या कणगीत वर निर्गुडीचा आणि अडुळशाचा पाला, असं सगळं त्यांच्या हातानं केलेलं. सासवडला आमच्या घरामागं दहा बाय सहा फुटांची पट्टी आहे, धुणं धुवायच्या दगडाशेजारी. तिथं जागा होती.

मग मी सगळे करतात तेच केलं. मोबाइलवर शोधलं, एका साइटवरून रोप मागवलं. फोटो बरोबर होता, पांढऱ्या फुलांचा, रुंद पानांचा. रोपाचे २४९ आणि कुरिअरचे ८० रुपये. सहा दिवसांनी खोकं आलं. आत बोटभर रोप, पानं अरुंद, करंगळीएवढी, देठ आणि शिरा जांभळट. लहान आहे, मोठं झालं की पानं रुंद होतील असं मी धरून चालले. दोन महिने पाणी घातलं. अण्णांना डोळ्यांना कमी दिसतं, त्यामुळे त्यांनी आधी काही म्हटलं नाही. मग एक दिवस उन्हात बसून पान हातात घेतलं, उलटसुलट केलं, आणि म्हणाले, "हा काळा अडुळसा. हा वेगळा."

बरोबर होतं. काळा अडुळसा हेही औषधीच झाड आहे, त्याच कुळातलं, पण अण्णांना हवं होतं ते हे नव्हे. साइटला फोटो पाठवला. दोन्ही अडुळसेच आहेत, असं उत्तर आलं आणि तक्रार बंद झाली. पैशांचं मला फार वाटलं नाही. पण कुणी नेटवर बघून त्या पानांचा रस काढून म्हाताऱ्या माणसाला पाजला असता तर, हे मात्र मनातून जाईना. शोभेच्या झाडात एका गुलाबाऐवजी दुसरा गुलाब आला तर चालतं. पोटात जाणाऱ्या झाडात असं चालत नाही. या लिखाणात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

सासवडच्या आसपास दोन-तीन ठिकाणी विचारलं. "अडुळसा विकत कोण घेतंय? बांधावर असतो की," असं उत्तर मिळालं. पूर्वी होता. आता बांधावर तार आहे.

जूनमध्ये मावसबहिणीकडे उरुळीला जायचं होतं. वाघापूरवरून शिंदवणे घाट उतरलं की उरुळी, स्कूटरवर तासाच्या आत. पुणे-सोलापूर रस्त्याला या भागात नर्सऱ्या ओळीनं आहेत, मोठमोठ्या, ट्रक भरून जाणाऱ्या. तिथं बंगल्यांसाठी पाम, सोसायट्यांसाठी फायकस, रस्त्यांच्या दुभाजकासाठी कण्हेर आणि बोगनवेल. अडुळसा विचारला की मुलगा आत जाऊन विचारून येतो आणि नाही म्हणतो. बहिणीनं मग बाबांचं सांगितलं. गांधीजींनी १९४६ मध्ये सुरू केलेला निसर्गोपचार आश्रम उरुळीतच आहे. तिथं राहून गेलेली माणसं जाताना औषधी रोपं शोधतात, आणि त्यातली बरीच बाबांकडे येतात, असं ती म्हणाली.

नर्सरी म्हणजे साधारण पाच गुंठे जागा, अर्ध्यावर हिरवी जाळी. बाबा सत्तरीचे, धोतर आणि वर टी-शर्ट. सून सगळा हिशोब बघते, तिला सगळे वहिनी म्हणतात. गुलाब, मोगरा, शेवंती आहे, पण ते कडेला. मधोमध औषधी झाडं: निर्गुडी, शतावरी, गुळवेल, कोरफड, पानफुटी, वेखंड, अडुळसा. आणि प्रत्येक जातीचं एकेक जुनं, मोठं झाड जमिनीत लावलेलं. त्याच झाडाच्या काड्यांपासून रोपं केलेली. मला सगळ्यात आवडलं ते हे. रोप लहान असताना पान फसवतं, पण त्याची आई समोर उभी असते. तिचं पान बघा, खोड बघा, हंगाम असेल तर फूल बघा, आणि मग पिशवी उचला.

भाव विचारला तेव्हा बाबांनी उलट मलाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. कुणासाठी हवंय? वय किती? डॉक्टरांचं काही चालू आहे का? जमिनीत लावणार की कुंडीत? माती काळी की तांबडी? पाणी साचतं का? आणि मग, रोपं बाजूला काढता काढता, "घरात कुणी पोटुशी आहे का?"

माझ्या धाकट्या जावेला तेव्हा पाचवा महिना होता. मी सांगितलं. बाबांनी हातातली पिशवी खाली ठेवली. "मग ऐका. तिला याचा काढा, रस, काही द्यायचं नाही. सगळ्यांच्या काढ्यातसुद्धा पान पडता कामा नये. तिचं भांडं वेगळं." मी कारण विचारलं. म्हणाले, "पोट आवळतं त्यानं. आमच्यात बाळंतपण झाल्यावर देतात, आधी नाही."

आमच्या घरी थंडीत सगळ्यांचा काढा एकाच पातेल्यात होतो. आलं, गवती चहा, तुळस, आणि अडुळसा आला असता तर मी त्यातच दोन पानं टाकली असती, हे मी अगदी खरं सांगते. पुढं आमच्या वैद्यबाईंनी हेच सांगितलं. अडुळशातल्या वासिसीन नावाच्या द्रव्यामुळे गर्भाशय आकुंचन पावतं, म्हणून गरोदरपणात तो वर्ज्य. चाळीस रुपयांचं रोप विकताना हा प्रश्न विचारणारा माणूस मला दुसरीकडे भेटलेला नाही. औषधाच्या बाटलीवर तरी बारीक अक्षरात काही लिहिलेलं असतं. रोपाच्या पिशवीवर काय लिहिणार?

तीन रोपांचे १२० रुपये झाले. वहिनींनी पैसे घेतले आणि कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे लिहून दिलं: खड्डा दीड फूट, तळाला मुरूम, शेणखत एक पाटी, पाणी वाफसा बघून (म्हणजे मातीतली जास्तीची ओल गेली की). तो कागद अजून फ्रिजवर चिकटवलेला आहे.

निघताना बाबांनी काडी कशी लावायची तेही दाखवलं. ते मी जसंच्या तसं देते, कारण त्यानंच पुढं माझं झाड वाचलं. पेन्सिलीएवढ्या जाडीची काडी घ्यायची, अगदी कोवळी नको आणि पार जून, पांढरट पडलेलीही नको. वीतभर लांब, तीन-चार पेरं आली पाहिजेत. खालचा काप पेराच्या लगेच खाली, तिरका. वरचा सरळ, म्हणजे उलटी लावली जात नाही. खालची पानं काढायची, वरची दोन ठेवायची आणि तीही निम्मी कापायची. पान मोठं ठेवलं तर मुळं फुटायच्या आधी काडी वाळते. दोन पेरं मातीत, दोन वर. सावलीत ठेवायची, आणि उपटून मुळं आली का बघायचं नाही. हे शेवटचं वाक्य बाबांनी दोनदा सांगितलं.

आता लागवड. पट्टीत दोन रोपं लावली, एकमेकांपासून तीन फुटांवर, आणि तिसरं तेलाच्या रिकाम्या डब्याला तळाला भोकं पाडून त्यात. आमची माती काळी, चिकट. बाबांनी सांगितल्याप्रमाणे मुरूम घातला, पण धुण्याच्या दगडाजवळच्या खड्ड्यात कमी पडला असणार. पावसाळा जोरात लागला आणि ऑगस्टमध्ये त्या रोपाची खालची पानं पिवळी पडायला लागली. मला वाटलं खत कमी पडतंय, म्हणून आणखी शेणखत घातलं. आठवड्यात निम्मी पानं गळाली.

नर्सरीला फोन केला. वहिनींनी फोटो मागवला, आणि संध्याकाळी बाबांनी स्वतः फोन केला. म्हणाले, "एका बाजूनं माती उकरा आणि मूळ बघा. पांढरं असेल तर वाचलं." उकरलं. मुळं तपकिरी, दोन बोटांत धरली की साल सुटून हातात येत होती, आणि माती आंबट वास मारत होती. धुण्याचं पाणी खालून झिरपून तिथंच मुरत होतं. मी ते बाबांना सांगितलं. "ते गेलं. पण शेंडा हिरवा आहे ना? मग काड्या करा." पाच काड्या केल्या, त्यातल्या दोन जगल्या. त्या दोन आज माझ्या कमरेला लागतात. एक जावेच्या दारात आहे. तिची मुलगी आता दोन वर्षांची झाली आहे आणि झाडाची पानं तोडून सगळ्यांना वाटत फिरते.

फोनवर बाबा असंही म्हणाले, "नवं रोप घेऊन जा, पैसे नकोत." मी घेतलं नाही. चूक माझ्या जागेची होती. पण त्यांनी स्वतःहून म्हटलं, हे इथं लिहायला हवं.

पाणी साचलं नाही तर अडुळसा फार काही मागत नाही. पहिल्या उन्हाळ्यात दिवसाआड पाणी दिलं, दुसऱ्या उन्हाळ्यात जमिनीतल्या झाडाला आठवड्यातून दोनदा. एप्रिलमध्ये दुपारी पानं माना टाकतात. घाबरून लगेच पाणी ओतू नका. सूर्य कलला की ती पुन्हा उभी राहतात का ते बघा. राहिली तर मातीत ओल आहे. संध्याकाळीही पडलेलीच दिसली तर पाणी द्या. डब्यातल्या झाडाला मात्र मे महिन्यात रोज लागतं. डब्यातलं झाड जगतं, पण जमिनीतल्यासारखं भरत नाही. जागा असेल तर जमिनीतच लावा.

कीड एकदाच आली, डब्यातल्या झाडावर, पिठ्या ढेकूण. पानांच्या बगलेत कापसासारखे पुंजके. जुन्या दातब्रशनं साबणाच्या पाण्यानं घासून काढले, तीन दिवसांनी परत घासले, गेले. फवारणीचं औषध मारायचं नाही, अगदी जवळच्या दुकानदारानं सांगितलं तरी. उद्या तीच पानं पातेल्यात जाणार आहेत. याच कारणासाठी बाबांचा एक सल्ला मी ऐकला नाही. वाढ हवी असेल तर पावसाळ्यात चिमूटभर डीएपी, म्हणजे रासायनिक खत, टाका, असं ते म्हणाले होते. मी शेणखत आणि निंबोळी पेंडीवरच ठेवलं. वाढ थोडी सावकाश झाली, माझी तक्रार नाही.

शेजारच्या शेळ्या दोनदा आमच्या मागच्या दारानं आत आल्या. जास्वंदीला पान ठेवलं नाही, मोगऱ्याचे शेंडे खाल्ले. अडुळशाला तोंडही लावलं नाही. जुन्या लोकांनी कुंपणाला हेच झाड का निवडलं ते शेळ्यांनी समजावून दिलं.

छाटणीबद्दल सगळे गप्प असतात आणि मग झाड उंचच उंच, खाली उघडं आणि वर चार पानं, असं होतं. फुलं संपली की मार्चमध्ये मी जमिनीतलं झाड गुडघ्याएवढं ठेवून छाटते. पहिल्या वर्षी हात धजेना. अण्णांनी कोयता मागून घेतला आणि खुर्चीत बसून स्वतः छाटलं. पंधरा-वीस दिवसांत प्रत्येक कापाखालून दोन-दोन फुटवे आले. अडुळशाची पानं समोरासमोर जोडीनं येतात, त्यामुळे फुटवेही जोडीनंच येतात आणि झाड आपोआप भरतं. छाटलेला पाला फेकायचा नाही. मुळाशी अंथरला की ओल टिकते, आणि कुजून खत होतं.

पहिलं फूल आलं जानेवारी २०२५ मध्ये. लहानपणी कुंपणाजवळून रोज गेले असेन, पण फूल नीट कधी पाहिलं नव्हतं. फांदीच्या शेंड्याला हिरव्या पुष्पपत्रांचं कणीस येतं, एकावर एक बसवलेलं, आणि त्यातून एकेक पांढरं फूल बाहेर डोकावतं. दोन ओठांचं. वरचा ओठ टोपीसारखा पुढं वाकलेला, त्याच्याआड दोन पुंकेसर. खालचा ओठ तीन भागांचा, पुढं आलेला, आणि त्यावर जांभळ्या-गुलाबी रेघा, थेट घशापर्यंत जाणाऱ्या. याला संस्कृतात सिंहास्य म्हणतात, सिंहाचं तोंड. सकाळी दहाच्या सुमाराला काळा भुंगा येतो, खालच्या ओठावर उतरतो, त्याच्या वजनानं फूल खाली झुकतं. तो आत डोकं घालतो तेव्हा वरचे पुंकेसर बरोबर त्याच्या पाठीला लागतात. बाहेर येतो तो पाठीवर पिवळट धूळ घेऊन. मग शेजारचं फूल. शिंजीर पक्षीही येतात, पण त्यांना धीर नसतो, दोन फुलं करून उडून जातात.

अण्णांनी एक फूल हलकेच ओढून काढलं, मागचं टोक ओठात धरलं आणि मध चोखला. मग एक मला दिलं. कडू झाडाचा मध गोड असतो.

आता औषधाचं. मी वैद्य नाही, मी घरगुती पोळी-भाजी केंद्र चालवते. म्हणून मात्रा सांगणार नाही, ती ज्यानं त्यानं आपल्या वैद्यांना विचारावी. अण्णांना किती आणि किती दिवस द्यायचं ते आमच्या वैद्यबाईंनी सांगितलं, आणि छातीच्या डॉक्टरांनाही आम्ही ते कळवलं. ते ऐकून डॉक्टर हसले आणि म्हणाले, कफ पातळ करायला आम्ही ब्रोमहेक्सिन आणि अँब्रोक्सॉल लिहितो, त्यांचं मूळ याच झाडातल्या वासिसीनमध्ये आहे. पंप मात्र चालूच ठेवायचा. आम्ही तो चालूच ठेवला आहे.

रस काढायची एक खुबी आहे ती सांगते, कारण तिथं बहुतेक जण कंटाळून सोडून देतात. ताजी पानं नुसती कुटली किंवा मिक्सरला लावली तर चोथा होतो, रस निघत नाही. पान आधी गरम करावं लागतं. अण्णांची आई पानांचा गोळा करून वर केळीचं पान आणि माती लिंपून निखाऱ्यात ठेवायची. मी पानं धुऊन इडलीपात्रात पाच-सात मिनिटं वाफवते. पानं मऊ, काळपट हिरवी झाली की पाट्यावर ठेचून स्वच्छ फडक्यातून पिळते. सात मोठ्या पानांचा जेमतेम दीड चमचा रस निघतो. तेवढा निघाला की पुरे. मधातून देते. तरीही कडूच लागतो, आणि अण्णा तो तोंड वाकडं न करता घेतात.

गुण आला का? खोकला गेला नाही, जाणारही नाही, हे आम्हाला माहीत आहे. पण पहाटे कफ सुटतो, पूर्वीसारखं अर्धा-अर्धा तास ओढून खोकावं लागत नाही. या थंडीत दोन-तीन रात्रीच अण्णा उठून बसले. यात पंपाचा वाटा किती आणि झाडाचा किती ते मी ठरवू शकत नाही. अण्णांचं मत विचाराल तर सगळं श्रेय झाडाला जातं.

नर्सरीच्या उण्या बाजूही सांगते. पिशवीतली माती घट्ट असते, पोयट्यापेक्षा काळी जास्त. रोप घरी आणल्यावर तशीच पिशवी फाडून लावलं तर पाणी त्या गोळ्यात शिरत नाही. बाजूची माती हलक्या हातानं मोकळी करूनच लावावं. माझ्या तीनपैकी एका रोपाची मुळं तळाशी गोल गोल फिरली होती, म्हणजे ते पिशवीत जास्त दिवस राहिलं होतं. नावाच्या चिठ्ठ्या साध्या कागदाच्या, पावसात शाई पसरते. चार जाती घेतल्या तर घरी येईपर्यंत कुठली कोणती ते विसरायला होतं. मी आता घेतानाच पिशवीवर मार्करनं लिहून आणते. गुलाब आणि शेवंती तिथून घेऊ नका, रोपं रोड असतात, बाबांचं तिकडे लक्ष नाही. दुपारी एक ते चार बंद. घरपोच देत नाहीत, पार्सल करत नाहीत. गाडी लावायला जागा नाही, कालव्याच्या कडेला लावावी लागते आणि पावसाळ्यात तिथं चिखल असतो.

एवढं असूनही पाचपैकी साडेचार देईन, अर्धा चिठ्ठ्यांचा आणि मातीचा कापला. गेल्या वर्षी पाच पानी निर्गुडी मागितली तेव्हा "आत्ता आहे ती तीन पानी, तुम्हाला हवी ती नाही" असं सांगून बाबांनी मला रिकाम्या हातानं परत पाठवलं. बारा रोपं समोर उभी होती, विकली असती तर मला कळलंही नसतं.

जायचं असेल तर जूनमध्ये, दोन पाऊस होऊन गेल्यावर, सकाळी. तेव्हा लावलेलं रोप पावसातच रुजतं. फुलं बघून खात्री करून घ्यायची असेल तर जानेवारीत चक्कर मारा. फाटकाजवळचं झुडूप तेव्हा फुललेलं असतं.

माझा भाऊ परिंच्याला असतो. अण्णांनी त्याला सांगून ठेवलंय की तारेच्या आतल्या बाजूनं पुन्हा अडुळसा लावायचा. तार राहू दे, पण अडुळसा पाहिजे. तीस फूट लांबीला तीन फुटांवर एक धरलं तर अकरा रोपं लागतात, मी बारा सांगितली आहेत. गेल्या रविवारी नर्सरीत जाऊन आले. एकदम घेतली तर तीस रुपयांनी देतो म्हणाले, आणि काड्या मार्चमध्येच लावून ठेवतो म्हणालेत.